‘जिला बीदर’ लिहिलंय म्हणून तुम्ही बीदरचे नाही

प्रश्न : आमचं आडनाव पोतदार. मूळ गाव निलंगा तालुक्यात, जिल्हा लातूर. नोकरीमुळे मी पंधरा वर्षं पुण्यात आहे. वडील अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि आपलं घराणं मूळ कुठलं, हे कळावं अशी त्यांची फार इच्छा आहे. मी वंशावळीच्या एका परदेशी संकेतस्थळावर खातं उघडून आडनाव टाकलं, तर शेकडो पोतदार निघाले. त्यांतल्या बीदरकडच्या एका कुटुंबाचं झाड थेट १७०० सालापर्यंत जातं. आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या नावाचा एक उर्दू कागद आहे. गावातल्या चाचांनी तो वाचून ‘बीदर’ लिहिलंय असं सांगितलं. म्हणजे आम्ही बीदरचेच ना? मग त्या झाडाला आमची फांदी जोडून टाकू का? संकेतस्थळ रोज ‘जुळणी सापडली’ म्हणून मेल पाठवतं, डीएनए चाचणीही करा म्हणतं. कागदाचा फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर : जोडू नका. निदान आज तरी नको.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. मला उर्दू अडखळतच वाचता येतं, म्हणून आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांनाही दाखवला. चाचांनी वाचलं ते बरोबर आहे. पहिल्या ओळीत ‘मौजा’, पुढे तुमच्या गावाचं नाव, आणि त्यापुढे ‘तालुका निलंगा, जिला बीदर’. घोळ झालाय तो अर्थ लावताना. निजामाच्या राज्यात निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बीदर म्हैसूर राज्यात गेलं आणि हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडून मुंबई राज्यात आले. पुढे १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निघाला. म्हणजे तुमच्या वडिलांचा जन्म बीदर जिल्ह्यातला आणि तुमचा उस्मानाबाद किंवा लातूर जिल्ह्यातला, आणि कदाचित दोघंही एकाच घराच्या एकाच खोलीत जन्मलेले! घराणं कुठून आलं नाही की कुठे गेलं नाही. जिल्हाच तेवढा तुमच्या अंगणातून ये-जा करत राहिला.

हा घोटाळा तुमच्या एकट्याचा नाही. मला येणाऱ्या पत्रांत किनवटकडचे लोक ‘आम्ही मूळचे तेलंगणातले दिसतो’ असं लिहितात, कारण किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा १९८१ सालचा, हिंगोली १९९९ सालचा. आजचा जिल्हा टाकून १९४० सालचा कागद शोधत बसलात तर तो सापडायचा नाही. म्हणून पहिलं काम हे : वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव लिहा आणि त्याखाली ते गाव कोणत्या सालापासून कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात होतं, याची ओळ लावा. आडनाव त्या पानावर लिहूच नका.

आडनाव का नको, तेही तुमच्याच कागदात आहे. खातेदाराचं नाव लिहिलंय ‘विठोबा वलद नरसिंगा’, म्हणजे नरसिंगाचा मुलगा विठोबा. अख्ख्या कागदात ‘पोतदार’ हा शब्दच नाही! मराठवाड्यातल्या निजामकालीन महसुली कागदांत हे सर्रास दिसतं : माणसाचं नाव, बापाचं नाव, कधी जात, कधी हुद्दा, आणि आडनावाच्या जागी काहीच नाही. बऱ्याच घरांत आडनाव पक्कं झालं ते शाळेत नाव घालताना, मास्तरांनी विचारलं आणि आजोबांच्या तोंडून जे निघालं ते. आता पोतदार म्हणजे काय? नाणी पारखणारा, खजिना सांभाळणारा. तो हुद्दा आहे, पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले, महाजन यांसारखाच. परगण्या-परगण्याला देशमुख होता, तसे ठिकठिकाणी पोतदार होते, आणि एकापेक्षा जास्त जातींत होते. जगातले सगळे पोतदार एकमेकांचे भाऊबंद, असं म्हणणं म्हणजे सगळे पोस्टमास्तर एका आजोबांची नातवंडं म्हणण्यासारखं आहे. उदगीरकर, औसेकर या ‘कर’वाल्यांचंही तेच. गाव सोडून बाहेर गेलेल्याला लोक गावाच्या नावाने ओळखू लागले, मग तो कोणत्याही घरातला असो. शिवाय दत्तक आहेत, घरजावई आहेत. वतनाच्या घरांत तर दत्तकाचं प्रमाण मोठं. आडनाव तेच राहतं आणि रक्त बदलतं, किंवा उलटं होतं.

परदेशी संकेतस्थळं आडनावावर चालतात, कारण ती ज्या देशांत वाढली तिथे चर्चच्या नोंदवह्या आहेत आणि जुन्या जनगणनेच्या घरटी याद्या लोकांना खुल्या आहेत. आपल्याकडे जनगणनेचे घरटी तक्ते १९४८ च्या कायद्याने कुणाला पाहायला मिळत नाहीत. मग तिथे आपल्या आडनावाखाली जे दिसतं ते काय असतं? तुमच्या-माझ्यासारख्यांनी भरलेली झाडं. ‘जुळणी’ म्हणजे दोन झाडांतली नावं सारखी दिसली, एवढंच. त्यामागे कुणी कागद पाहिलेला नसतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, हात पोळून सांगते. माझं माहेर बोरगाव. सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका झाडात बोरगावचा एक ‘राणोजी’ सापडला. आमच्याही घरात राणोजी होते, सालही जवळपास जमत होतं. रात्री अकरा वाजता मी आनंदाने बटण दाबलं आणि एका रात्रीत दीडशे वर्षांनी म्हातारी झाले. दोन महिन्यांनी लक्षात आलं की ते बोरगाव दुसऱ्याच जिल्ह्यातलं. मराठवाड्यात बोरगाव, वडगाव, पिंपळगाव किती आहेत हे एसटीच्या कंडक्टरला विचारा. मी माझी फांदी तोडली, पण तोवर तीन अनोळखी माणसांनी माझं झाड आपल्या झाडात उतरवून घेतलं होतं. ते राणोजी अजून तिथे आमचे पणजोबा होऊन बसलेत.

तुमच्याकडे मात्र या सगळ्यापेक्षा भारी गोष्ट आहे. कागदाच्या उजवीकडच्या दुसऱ्या रकान्यात सर्व्हे नंबर आहे. माणसं नावं बदलतात, वावर जागचं हलत नाही. तो नंबर हाच तुमचा दोरा.

कागदावर साल १३४७ आहे ते फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं. हैदराबाद राज्याचं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. त्यात ५९० मिळवा, की सुरुवातीचं इंग्रजी साल येतं : ऑक्टोबर १९३७ ते ऑक्टोबर १९३८. (मोडी कागदात शके सापडला तर ७८ मिळवायचे. हिजरी असेल तर सरळ आकडेमोड चालत नाही, तक्ता लागतो. फसलीला हिजरी समजून लोक दहा-दहा वर्षं चुकतात.)

आता दोन्ही टोकांनी चाला. आजच्या टोकाला महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गावाचा सातबारा काढा. तिथे खातेदारांच्या नावांशेजारी कंसात आकडे दिसतील आणि खाली ‘जुने फेरफार क्र.’ म्हणून आकड्यांची रांगच असते. फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद. लोक ती रांग वाचतसुद्धा नाहीत. पण त्यांतले वारसाचे फेरफार म्हणजे वंशावळीची पानंच आहेत : अमुक तारखेला खातेदार मयत, वारस पत्नी, मुलगे, मुली, नावं आणि नात्यासकट. स्कॅन केलेले जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून उतरवता येतात. तिथे नसले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कलेचा अर्ज करा. मध्ये जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं असेल तर सर्व्हे नंबरचा गट नंबर झालेला असेल. तेव्हा जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात मागायचा. मागे-मागे जात १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे जमिनींच्या जुन्या नोंदपत्रकापर्यंत, पोचलात की पलीकडून तुमचा १३४७ चा कागद हात पुढे करून उभाच आहे. मधलं अंतर सतरा-अठरा वर्षांचं. विठोबा ते तुम्ही, ही साखळी एकाही अंदाजाशिवाय पूर्ण होईल. त्या साखळीला नरसिंगा हे नाव फुकटात मिळालेलं आहेच.

एक अडचण सांगून ठेवते. तुमचं गाव जहागिरीतलं होतं का, हे वडिलांना विचारा. जहागिरी १९४९ साली गेल्या, पण तोवर त्या गावांचं दप्तर जहागीरदाराच्या कचेरीत असे आणि त्यातलं पुष्कळसं पुढे सरकारी कोठीपर्यंत पोचलंच नाही. गाव सरकारी खालशातलं, म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातलं, असेल तर तुमचं नशीब जोरावर.

२०२३ पासून आणखी एक दार उघडलंय. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या निमित्ताने मराठवाड्यातल्या तहसिलींमधली, शाळांमधली, भूमी अभिलेखची उर्दू-मोडी बंडलं पन्नास-पन्नास वर्षांनी सोडली गेली, जाणकारांकडून वाचली गेली, आणि सापडलेल्या नोंदींचे स्कॅन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. तुमच्या घराचा त्या प्रश्नाशी संबंध असो-नसो, तुमच्या गावचं पान उघडून पाहा. अक्षर कसं आहे, रकाने कोणते, कारकून काय गाळतो, हे डोळ्यांना सवयीचं होतं. भावकीतलं एखादं नावही भेटून जातं. आणि ‘हैदराबाद गॅझेटियरमध्ये (निजामकाळच्या सरकारी माहितीग्रंथात) आमचं घराणं आहे’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. त्यात जातवार लोकसंख्येचे आकडे आहेत, घराघरातली नावं नाहीत.

उर्दू कागदातलं नाव शोधताना एक खोच असते. आपला ‘ळ’ आणि ‘ण’ उर्दूत नाहीत, त्यामुळे काळे ‘काले’ होतात आणि चव्हाण ‘चौहान’. त्याहून वाईट म्हणजे नुक्ते. पे, ते, नून ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला सारखीच दिसतात, फरक फक्त टिंबांचा. घाईतल्या कारकुनाने टिंबं खाल्ली की तोच शब्द पवार वाचा, तवार वाचा नाहीतर नवार. म्हणून दुसऱ्याने वाचून दिलेल्या यादीत नाव नाही म्हणून निराश होऊ नका, मूळ पान पाहा. आणि बायकांची नावं शोधायची असतील तर ‘बेवा’ आणि ‘जौजे’ हे दोन शब्द ओळखायला शिका, विधवा आणि पत्नी. मराठी कागदांत तेच ‘भ्र.’ होतं, भ्रतारचं. गंगाबाई भ्र. विठोबा. नवरा मेल्यावरच बाईचं नाव कागदावर चढायचं. आपल्या पणज्या आपल्याला बहुतेक अशाच भेटतात.

मग परदेशी संकेतस्थळं टाकाऊच का? तसं नाही. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ फुकट आहे आणि तिथे हरिद्वार, कुरुक्षेत्र इथल्या पंड्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या, वह्यांचे लाखांनी फोटो आहेत. पण ते प्रामुख्याने उत्तरेकडच्या यजमानांचे. आडनाव टाकून तिथे काही मिळणार नाही, ठिकाणाचं नाव टाकून पानं उलटावी लागतात. आपल्या वह्या आहेत नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, आणि त्या अजून माणसांच्या घरात आहेत.

नाशिकला जाच. मराठवाड्यातली माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर्वी गंगेला जाऊन आलेला माणूस तीर्थोपाध्यायांच्या बाडात आपला लेख लिहूनच परत यायचा. कोणत्या गावाचे यजमान कोणत्या उपाध्यायांकडे, हे पंचवटीत विचारत गेलं की अर्ध्या तासात कळतं. तिथेही पहिला प्रश्न ‘गाव कोणतं?’ हाच असतो, आडनाव मागाहून. मी गेले तेव्हा गुरुजींनी लाल कापडातलं लांबट बाड सोडलं, बोटाला थुंकी लावली आणि चार पानांत आमचं बोरगाव काढलं. माझ्या पणजोबांचा मोडीतला लेख होता. कोण आलो, कुणाच्या अस्थी आणल्या, भाऊ कोण, मुलगे कोण. खाली सही, ‘दस्तुर खुद्द’. अक्षर थोडं डावीकडे कललेलं, माझ्या थोरल्या भावाचं कलतं तस्संच. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, दक्षिणा द्या आणि निघण्यापूर्वी तुमच्या पिढीची नावं लिहून या, मुलींसकट. २०२७ च्या सिंहस्थाच्या ऐन पर्वकाळात मात्र जाऊ नका, गुरुजींना तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो. तुम्ही कर्नाटक सीमेजवळचे, तेव्हा गावात हेळवी येत होते का तेही विचारा. बैलावरून येऊन घराण्याची नामावळ म्हणून दाखवणारे ते. त्यांच्याकडेही वह्या असतात.

डीएनएचं दोन वाक्यांत. सहा-सात पिढ्यांपलीकडच्या एखाद्या पूर्वजाचा तुमच्या शरीरात काहीच अंश उरलेला नसू शकतो, आणि त्या कंपन्यांकडे निलंग्याकडची माणसं किती असणार? यातली एक बडी कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि लाखो लोकांच्या थुंकीच्या माहितीचं काय होणार हा प्रश्न लोंबकळत राहिला. ते पैसे नाशिकच्या तिकिटाला ठेवा. आणि हो, ऑनलाइन झाडात हयात माणसांच्या जन्मतारखा व आईचं माहेरचं आडनाव उघडं ठेवू नका. बँका ओळख पटवायला हेच विचारतात.

आता वडील. त्यांना ‘आपले पूर्वज कोण?’ असं विचारलंत तर ते मोठ्या लढाईत घोड्यावर बसलेला कुणीतरी सांगतील. सगळ्यांचेच वडील सांगतात. त्याऐवजी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून विचारा : आपण सुतक कुणाकुणाचं धरतो? दहा दिवसांचं कुणाचं, तीन दिवसांचं कुणाचं? हा प्रश्न म्हणजे भावकीची किल्ली आहे. नातं कसं ते विसरलेलं घरही सुतक विसरत नाही. मग विचारा, कोणत्या घरांशी सोयरीक चालत नाही, कुलदैवताला कोणत्या गावावरून जायचो, आपल्या वावराला काय म्हणायचे, चिंचेचं की मळईचं. रझाकारांच्या काळात घर सोडून सोलापूर-बार्शीकडे गेलो होतो का, गेलो तर कुणाच्या आसऱ्याला? अशा वेळी माणूस भावकीकडे नाहीतर सोयऱ्यांकडेच जातो. १९९३ च्या भूकंपात घरातलं काय काय गेलं आणि ही ट्रंक कशी वाचली, तेही विचारा. एका बैठकीत सगळं नको. रोज वीस मिनिटं, चहाबरोबर.

बीदरच्या त्या कुटुंबाला तुटक वागवू नका. त्यांना साधा निरोप पाठवा : तुमचं कुलदैवत कोणतं, मूळ गाव कोणतं, आणि १७०० सालचं नाव कोणत्या कागदावरून घेतलं? पहिली दोन उत्तरं तुमच्याशी जुळली आणि तिसऱ्याला खरंच एखादा कागद निघाला, तर मला पुन्हा लिहा. तिसऱ्या प्रश्नाला ‘दुसऱ्या झाडावरून’ असं उत्तर आलं तर समजून जा.

आणि तो कागद लॅमिनेट करायला देऊ नका. घडीवर चिकटपट्टीही नको. साध्या सुती कापडात सपाट ठेवा. तुमच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, उर्दू ओळींच्या मागून, आडवी शिरोरेघ आणि तिला लटकलेली वळणं उलटी उमटलेली दिसतात. ती मोडी आहे. म्हणजे मागच्या बाजूलाही कुणीतरी काहीतरी लिहिलंय, आणि तुम्ही फोटो एकाच बाजूचा पाठवलात. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा.